मागची पट्टी

हर्णै बंदरावरून चढण चढून वर आलं की जिल्हा परिषदेची एक शाळा लागते, असं धरून चालू या. दापोली तालुक्यात अशा शाळा गावोगाव आहेत. जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे पडवी, आणि वारा समुद्राकडून आला की वर्गात शिरणारा सुक्या मासळीचा वास. या शाळेत चौथीच्या वर्गात तीन बसकरपट्ट्या होत्या. एक फळ्याजवळ, एक मधे आणि एक मागच्या भिंतीला लागून. कुणी कुठे बसायचं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी प्रत्येक मुलाला ते पाठ होतं. ज्यांच्या वह्या पूर्ण, ज्यांचे पालक सभेला येतात, ती मुलं पुढे. ज्यांचे वडील बोटीवर आणि आई लिलावाला, ज्यांच्या वहीत कायम काहीतरी राहिलेलं, ती मागे.

रोशन दुसरीपासून मागच्या पट्टीवर बसत होता. प्रश्न पुरा व्हायच्या आत तो उत्तर ओरडायचा. पेन्सिलीला टोक करायला उठला की खिडकीशीच उभा राहायचा. पाण्याची बाटली आठवड्यातून दोनदा शाळेत विसरायचा आणि डबा घरी. त्याची गणिताची वही उघडली तर एका पानावर सगळी कथा दिसायची. पहिली तीन उदाहरणं बरोबर, चौथ्यात वजाबाकीच्या जागी बेरीज, पाचवं अर्ध्यावर सोडलेलं, आणि उरलेल्या पानभर एक होडी. त्या होडीत मात्र काहीच राहिलेलं नसायचं. नाळेपासून सुकाणूपर्यंत एकेक दोर जागच्या जागी.

हाच रोशन संध्याकाळी बंदरावर गेला की निराळा दिसायचा. हर्णैला मोठ्या बोटी आत उभ्या राहतात, मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्याला येते, आणि ओल्या वाळूवर लिलाव सुरू होतो. आईच्या पाटीशेजारी उकिडवा बसून रोशन बोली ऐकायचा. कुठल्या ढिगाला कोणी किती म्हटलं, कोण मागे हटलं, सुरमई कितीला सुटली आणि कोलंबी कितीला, हे तो घरी गेल्यावर आजीला जसंच्या तसं सांगायचा. एक आकडा इकडचा तिकडे नाही.

म्हणूनच गावाचा निकाल लागलेला होता. "मनात आणलं तर सगळं येतं त्याला. आणतच नाय." मधल्या सुट्टीत पोरं त्याला ढ म्हणत, घरी नातेवाईक आळशी म्हणत. आई दोन्ही ऐकून घ्यायची आणि रात्री अभ्यासाला बसवताना कधी हात उगारायची.

त्या वर्षी चौथीला नव्या बाई आल्या, वाईकडच्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी रोशनला उचलून पहिल्या पट्टीवर बसवलं. फळ्याजवळ बसला की लक्ष राहील, हा त्यांचा साधा हिशेब. मधल्या सुट्टीनंतर बघतात तर रोशन दप्तरासकट मागे.

"इथे का आलास रे?"

"बाई, आमी मागचे," रोशन म्हणाला.

त्याच्या बोलण्यात लाज नव्हती. मान वर होती. शेजारचे दोघे तिघे त्याला सरकून जागा देत होते. सुट्टीत त्यांनी त्याला काय ऐकवलं होतं तेही बाईंच्या कानावर आलं: "गेलास ना पुढच्यात? आता आमच्यात खेळू नको."

बाई विचारात पडल्या. मागची पट्टी ही शिक्षा आहे असं त्या समजत होत्या. मुलांसाठी ते घर होतं. तिथे विसरलं तर कुणी हसत नाही, कारण सगळेच विसरतात. त्या घराचे नियमही होते. गृहपाठ झाला असला तरी पहिल्यांदा हात वर करायचा नाही. पुढच्यांना रंगखडू द्यायचे नाहीत. बाईंनी शाबासकी दिली तर बाहेर आल्यावर तिची टिंगल करायची. हे नियम कुणी बसून ठरवले नव्हते. "मागचे" हे नाव चिकटल्यावर ते आपोआप आले होते.

गोष्ट इथे जरा थांबवू, कारण बाईंनी जे पाहिलं ते मानसशास्त्राने फार काळजीपूर्वक तपासलेलं आहे. हेन्री ताजफेल हा पोलंडमध्ये 1919 साली जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यात होता आणि जर्मनांच्या कैदेत सापडला. आपण पोलिश ज्यू आहोत हे लपवल्यामुळे तो वाचला. परत आला तेव्हा घरचं जवळजवळ कुणीही उरलेलं नव्हतं. माणसाला एका गटाचं नाव लावलं की पुढे काय काय होऊ शकतं, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही. 1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्याने चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना काही चित्रं दाखवली. मग सांगितलं की तुमच्यातल्या काहींना क्ले या चित्रकाराची चित्रं जास्त आवडली, काहींना कँडिन्स्कीची. गट मात्र प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले होते. आपल्या गटात कोण कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी बक्षिसाचे पैसे वाटायला दिल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतकंच काय, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, असंही त्यांनी वाटप केलं. भांडण नाही, वैर नाही, ओळख नाही. नुसतं नाव पुरलं.

आपल्याकडचा दाखला याहून जवळचा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा उच्च म्हटल्या जाणाऱ्या आणि दलित जातींतल्या मुलांनी सारखेच भुलभुलैये सोडवले. मुलांच्या दुसऱ्या गटांत मात्र सगळ्यांदेखत प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. तीच कोडी आणि तेवढाच वेळ असूनही दलित मुलांचं काम लक्षात येण्याइतकं घसरलं. हा निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाला. मुलाच्या अंगची बुद्धी दहा मिनिटांत कमी होत नाही. आपल्याबद्दल लोक काय धरून चालले आहेत याची त्याला आठवण करून दिली, की ती बुद्धी हातात उतरत नाही.

आता पुन्हा शाळेत जाऊ.

श्रावण संपता संपता शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची ही योजना 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून सुरू झाली. पथकातले डॉक्टर डोळे, दात, कान, रक्त बघतात हे गावाला ठाऊक असतं. त्यांच्या तपासणीच्या 30 बाबींत अवधानाची अडचणही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बाईंनी रोशनची वही पुढे केली. डॉक्टरांनी होडी बराच वेळ बघितली आणि दोनच गोष्टी विचारल्या. हे फक्त शाळेत होतं की घरीसुद्धा? आणि कधीपासून?

आईला बोलावलं. ती बंदरावरून तशीच आली, पदराला मासळीचा वास. म्हणाली, "मीठ आणायला धाडला तर काडेपेटी घेऊन येतो, बाई. अंगणवाडीत होता तेव्हापासून असाच हाय."

पथकाने दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली, आणि तिथून पुढे रत्नागिरी. रत्नागिरीचं नाव निघताच आजी उठून उभी राहिली. कोकणात रत्नागिरीला न्यायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी मनोरुग्णालय येतं. ब्रिटिशांच्या काळापासून ते तिथे आहे. एखाद्याला वेडा म्हणायचं असलं तर नुसतं "रत्नागिरीला पाठवा" म्हटलं तरी पुरतं.

"माझ्या नातवाला रत्नागिरीला? उद्या गाव काय म्हणेल?"

बाई समजावायच्या आतच आई बोलली. "गाव आजपण म्हणतंच हाय, आये. ढ म्हणतं, आळशी म्हणतं. निदान खरं काय ते तरी कळू दे."

एस.टी. बदलत, खेड, चिपळूण करत रोशनची माणसं त्याला घेऊन रत्नागिरीला पोचली. सोबत बाईही गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी कान आणि डोळे तपासून घेतले, झोपेचं विचारलं, घरात दारू, मारहाण, कुणाचा मृत्यू असं काही आहे का तेही विचारलं. मग जन्मतारीख बघितली. वर्गात हा सगळ्यांत लहान तर नाही ना, याची त्यांना खात्री करायची होती. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि 2012 साली निष्कर्ष छापून आला. एकाच वर्गात वयाने सगळ्यांत लहान असलेल्या मुलांवर अवधानाच्या अडचणीचा शिक्का मोठ्या मुलांपेक्षा बराच जास्त बसत होता. मूल नुसतं लहान असतं आणि आपण त्याला आजारी ठरवतो, हे होऊ शकतं. रोशनचं तसं नव्हतं.

बाईंनी भरून आणलेला शाळेचा तक्ता आणि आईचं म्हणणं समोर ठेवून डॉक्टर म्हणाले, "याला एडीएचडी म्हणतात. अवधान टिकवणं आणि स्वतःला आवरणं, या दोन्हीत याला त्रास होतो. घरी आणि शाळेत दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ आणि वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधीपासून लक्षणं असली तरच आम्ही हे नाव देतो. जगभरात शंभरातल्या साधारण पाच मुलांना हा त्रास असतो. तुमच्या शाळेतही हा एकटाच असेल असं नाही."

आईने तोंडावर पदर धरला. "माझं काय चुकलं, डॉक्टर? मी बंदरावर असते दिवसभर."

"तुमचं काही चुकलेलं नाही. हे बरंचसं जन्मतः, आनुवंशिक असतं. अमेरिकेत 2007 साली अशा मुलांच्या मेंदूचं चित्रण करून बघितलं. मेंदूच्या वरच्या थराची वाढ इतर मुलांत साडेसात वर्षांच्या सुमाराला जिथे पोचते, तिथे यांची साडेदहाच्या सुमाराला पोचते. वाढीचा क्रम तोच असतो. वेळ जास्त लागतो."

"मग लिलावाला कसं लक्ष लागतं? तिथे तर एक आकडा चुकत नाही."

डॉक्टर हसले नाहीत. हाच प्रश्न त्यांना सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. "लिलावात दर क्षणाला नवं काहीतरी घडतं. आवाज चढतो, आकडा बदलतो, निकाल लगेच लागतो. तिथे लक्ष आपोआप धरलं जातं. वहीत ते स्वतःला धरून ठेवावं लागतं. ह्याचे वडील काय करतात?"

"तांडेल हायत."

"मग असं समजा, शीड धड आहे, वाराही भरपूर आहे. सुकाणूवरचा हात अजून पक्का झालेला नाही. वारा जिकडचा असेल तिकडे होडी जाते. म्हणून होडी आळशी आहे असं तांडेल म्हणेल का?"

आई काही बोलली नाही, पण खुर्चीत नीट टेकून बसली.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती बाईंच्या मनात राहिली. लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने 1902 साली अशा मुलांचं वर्णन केलं तेव्हा त्याने यात नैतिक संयमाचा दोष पाहिला. त्यानंतर अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत 1968 साली याला अतिचंचलतेचं नाव मिळालं, 1980 साली अवधानाच्या कमतरतेचं, आणि 1987 साली दोन्ही जोडून आजचं. मूल तेच होतं. आपण त्याच्याकडे बघायला शिकत होतो. औषध कधी आणि किती हे डॉक्टर ठरवणार होते. घरी आणि शाळेत रोज काय करायचं ते बाईंनी आणि आईने ठरवायचं होतं. काम लहान तुकड्यांत द्यायचं, एका वेळी एकच सूचना, ती त्याच्या डोळ्यांत बघून. मधून मधून उठायचं निमित्त द्यायचं. चांगलं केलं की तिथल्या तिथे सांगायचं. आणि हात उगारायचा नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी घातलेलीच आहे. घरात असा कायदा आईने स्वतःच करायचा होता.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण गावात बातमी रोशनच्या आधी पोचली. "त्याला डोक्याचा आजार हाय." पुढच्या पट्टीवरच्या मुलांना नवं नाव मिळालं. आणि पंधरा दिवसांत रोशनलाही ते सोयीचं वाटायला लागलं. शुद्धलेखन काढा म्हटल्यावर तो मागून म्हणाला, "बाई, मला आजार हाय. मला नको."

मागच्या पट्टीवर हशा पिकला. बाईंना कळलं की एक शिक्का पुसायला गेलो आणि दुसरा हातात दिला. डॉक्टरांनी दिलेलं नाव हीसुद्धा एक पट्टी होऊ शकते, तिच्यावर बसलं की उठायचं कारण उरत नाही.

त्या रोशनजवळ जाऊन बसल्या. "तुला त्रास आहे हे खरं. दहा ओळी सलग लिहिणं तुला जड जातं, हेही खरं. म्हणून तू पाच ओळी लिही, उठून सगळ्यांच्या वह्या गोळा करून आण, आणि मग राहिलेल्या पाच लिही. ओळी दहाच होतील." रोशनने जरा विचार केला आणि पाच ओळी लिहिल्या. त्या दिवशी उरलेल्या पाच झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी झाल्या.

पण पट्ट्या तशाच होत्या तोवर हे सगळं अर्धंच राहणार होतं. बाईंनी डी.एड.ला असताना एका प्रयोगाबद्दल वाचलं होतं. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि भांडणं पेटली होती. 1971 साली इलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने तिथे एक साधी रीत बसवली. धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एक तुकडा द्यायचा. आपला तुकडा आपण नीट समजून घ्यायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होत नाही. बाईंनी तीन पट्ट्या उचलल्या आणि वर्गात चार गोल केले. प्रत्येक गोलात पुढचे, मधले, मागचे मिसळले. समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा धडा चार तुकड्यांत वाटला. रोशनच्या वाट्याला आला तो किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतच्या पाण्याचा भाग. भरती-ओहोटीला होडी कुठून नेता येते, खडक कुठे आहेत, हे त्याने सांगितलं तेव्हा त्याच्या गोलातल्या श्रावणीने ते सगळं लिहून घेतलं. श्रावणी गेली दोन वर्षं पहिल्या पट्टीवर पहिली बसायची. त्या दोन वर्षांत ती रोशनशी एक वाक्यही बोलली नव्हती.

खरी परीक्षा मार्गशीर्षात झाली. शाळेने बालबाजार भरवला. मुलांनी घरून भाजी, नारळ, कोकमं, सुकट आणून मांडली. रोशनकडे पावती पुस्तक होतं, श्रावणीकडे गल्ला. रोशन मोठमोठ्याने हाळी देत होता, गिऱ्हाईक येत होतं, आणि दुपारी कळलं की पावती पुस्तक हरवलं. कुठे ठेवलं ते त्याला आठवत नव्हतं. त्याच वेळी गल्ला मोजला तर तीस रुपये कमी. श्रावणीने कुणाला तरी पन्नासाची नोट वीसची समजून परत दिली होती.

लगेच आवाज उठले. "मागच्यांकडे दिलं की असंच होणार. आमी आधीच सांगत होतो." श्रावणीला मात्र तिच्या मैत्रिणी म्हणत होत्या, "जाऊ दे गं. गर्दी होती. घाईत होतं कधी कधी."

बाजार उठल्यावर बाईंनी सगळ्यांना वर्गात घेतलं. फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, श्रावणी, तीस रुपये. दुसऱ्या बाजूला, रोशन, पावती पुस्तक. "आता प्रत्येकाने सांगायचं, हे का झालं."

मुलं सांगत गेली, बाई लिहीत गेल्या. श्रावणीच्या बाजूला आलं: गर्दी होती. ऊन होतं. दोन गिऱ्हाइकं एकदम आली. नोटा जुन्या होत्या. रोशनच्या बाजूला आलं: तो असाच आहे. तो मागचा आहे. त्याला आजार आहे.

बाईंनी खडू खाली ठेवला. "बघा बरं नीट. श्रावणीची चूक झाली तेव्हा तुम्ही आजूबाजूला बघितलंत. रोशनची झाली तेव्हा नुसतं रोशनकडे बघितलंत. गर्दी दोघांनाही तेवढीच होती ना? ऊन दोघांनाही?"

कुणी बोललं नाही. मग श्रावणीच बोलली. "बाई, पुस्तक ठेवायला त्याच्याकडे जागाच नव्हती. तो सारखा उभा होता. टेबलाच्या पायाला दोरी बांधून पुस्तक लटकवलं असतं तर हरवलं नसतं." जरा थांबून म्हणाली, "आणि गल्ल्यात नोटांचे कप्पे असते तर माझं चुकलं नसतं."

"रोशनची चूक निघाली तेव्हा दोरी कुणालाच सुचली नाही," बाई म्हणाल्या. "श्रावणीला सुचली, कारण तिने तो काय करत होता ते बघितलं."

मग त्यांनी मुलांना एक खरी हकिकत सांगितली. हर्णैच्या शेजारीच मुरुड. तिथला एक मुलगा 1875 साली परीक्षा द्यायला साताऱ्याला निघाला. सह्याद्री ओलांडून शंभराहून जास्त मैल चालत तो पोचला. परीक्षेला सतरा वर्षं पुरी लागत. त्याची होती. पण परीक्षकाने त्याच्या बारक्या अंगाकडे बघितलं आणि हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परत पाठवलं. पेपर हातातही दिला नाही. तो मुलगा पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला, 1896 साली त्याने विधवांसाठी आश्रम काढला, 1916 साली महिला विद्यापीठ उभारलं आणि वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न झाला. ते धोंडो केशव कर्वे.

मागून कुणीतरी विचारलं, "मग त्या साहेबाला कोणीच बोललं नाय का, आधी पेपर तर बघा म्हणून?"

"तेव्हा कुणी बोललं नाही," बाई म्हणाल्या. "आपल्या वर्गात आपण बोलायचं."

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराला एक सुतळी लटकली, तिला हजेरीचा खडू आणि पाण्याच्या बाटल्यांची यादी. घरी जाताना प्रत्येकाने आपल्या नावापुढे खूण करायची. यादी रोशनसाठी केली होती, पण महिन्याभरात वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या बाटल्या हरवायच्या थांबल्या.

वर्ष संपलं. रोशनला पहिला नंबर मिळाला नाही, तसा तो मिळायचाही नव्हता. गणितात तो बरा झाला, शुद्धलेखन अजून रखडत होतं, आणि पावसाळी वाऱ्याचा आवाज आला की तो अजूनही खिडकीशी उठून जायचा. पण "आमी मागचे" हे वाक्य बाईंनी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. पट्ट्याच उरल्या नव्हत्या.

पाचवीला तो दुसऱ्या शाळेत जाणार होता. मुलाच्या आधी त्याची कीर्ती पोचते हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी आईला बसवून एक कागद तयार केला, नव्या शिक्षकांसाठी. त्यात तीन मुद्दे होते. रोशनला कशाचा त्रास होतो: सलग लेखन, एकदम दिलेल्या तीन-चार सूचना, वस्तू जागेवर ठेवणं. कशाचा उपयोग होतो: लहान तुकडे, उठायचं काम, लगेच दिलेली दाद, खूण करायची यादी. तो काय छान करतो: ऐकलेले आकडे लक्षात ठेवतो, माहीत असलेलं दुसऱ्याला समजावून सांगतो, हुबेहूब चित्र काढतो. आजाराचं नाव कागदाच्या शेवटी होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत. कागद वाचून आजी म्हणाली, "ह्यात तर सगळा आमचा रोशनच हाय की." आणि तिनेच तो घडी घालून दप्तरात ठेवला.

तात्पर्य असं. मुलाच्या अडचणीला बरोबर नाव मिळालंच पाहिजे, कारण नाव नसलं की मदत मिळत नाही आणि दोष मात्र मिळतो. त्यासाठी रत्नागिरी गाठावी लागली तरी गाठावी, लोक काय म्हणतील याला भिऊ नये. पण ते नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीत राहावं, वर्गातल्या हाकेत येऊ नये. आणि गटाचा शिक्का एका मुलावरून पुसून भागत नाही. ज्या मांडणीने पुढचे आणि मागचे तयार केले, ती मांडणीच उचलावी लागते. हे काम मुलांचं नाही, मोठ्यांचं आहे. ज्या शिक्षकाच्या, ज्या आईबापाच्या हातात असं एखादं मूल आहे, त्यांनी ते पुढच्या वेळी चुकेल तेव्हा श्रावणीसाठी जे केलं जातं तेच करावं: आधी आजूबाजूला बघावं, कारण शोधावं, आणि मग दोरी कुठे बांधायची ते मुलाला बरोबर घेऊन ठरवावं.